मांडणीवरची वरात

कट शिजला तो संत तुमेतच्या देवळाच्या आवारात, धर्मगुरूंचं प्रवचन चालू असताना, आणि म्हणून मोनाला थोडं चोरट्यासारखं वाटत होतं. बाकी दोघांना काहीच वाटत नव्हतं. उपनगराध्यक्ष झाल्यापासून तिच्या भावाला, एर्वेला, कशाचंच काही वाटत नसे आणि जोबकाकांना भूक लागली होती.

"म्हणजे ठरलं," एर्वे टोपी छातीशी धरून, ओठ न हलवता म्हणाला. "म्युझियमची बाई विचारेल, आईच्या मांडणीवरच्या बाहुल्यांमध्ये तुमच्यापैकी कुणी आहे का. आपण म्हणायचं, साम्य दिसत नाही. बस्स."

"दिसतच नाही," जोबकाका म्हणाले. "माझं तरी. तो बाजावाला पिंपाएवढा आहे. अझेनोर अक्काने तो केला तेव्हा मी वल्ह्यासारखा सडसडीत होतो. साऱ्या किनाऱ्याला माहीत आहे."

मोनाने काकांच्या पोटाकडे पाहिलं. ते काकांच्या हातभर पुढे, स्वतंत्रपणे प्रार्थनेला आलं होतं.

"मार्चमध्ये निवडणूक आहे," एर्वे म्हणाला. "चड्डी घसरलेला, दोन्ही हातांत केक धरून भोकाड पसरलेला पोरगा कँपेरच्या म्युझियममध्ये काचेत उभा, आणि खाली माझं नाव. कोण मत देईल?"

"आणि मी?" मोना म्हणाली. "धर्मगुरूंच्या पाठीमागे जीभ काढून उभी आहे मी. सिस्टरांच्या शाळेची मुख्याध्यापिका."

"म्हणून तर म्हणतो. साम्य दिसत नाही."

तिघांनी एकदम 'आमेन' म्हटलं. ते नेमकं प्रवचनाच्या मध्येच आलं, त्यामुळे पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी वळून कौतुकाने पाहिलं.

इकडे या तिघांच्या, म्हणजे कोस्केरांच्या, घराच्या फाटकाशी म्युझियमची बाई येऊन थांबली होती. सोलेन प्रिजां तिचं नाव, वय तिशीच्या आत, गाडी तिच्याहून थोडी मोठी. देवळाची मिरवणूक संपवून कोस्केर मंडळी वळणावरून येताना तिने पाहिली. सर्वांत पुढे मोना आणि एर्वेची आई, कोरांतिनबाई. डोक्यावर लेसची पांढरी टोपी, आमच्या बायका घालतात तशी हातभर उंच. हनुवटी पुढे, मान ताठ, मिटलेली छत्री तलवारीसारखी समोर रोखलेली. आभाळ स्वच्छ होतं. पण कोरांतिनबाईंचा आभाळावर विश्वास नव्हता, आणि सत्तरीला आल्यावर तो नव्याने ठेवण्याची त्यांना गरज वाटत नव्हती.

"तुम्ही वेळेवर आलात," त्या सोलेनला म्हणाल्या. "पॅरिसचं शिक्षण दिसत नाही."

"मी इथलीच, दुआर्नेनेची आहे, बाई."

"बघा," त्या मागे वळून घरच्यांना म्हणाल्या, जणू या गोष्टीला कुणी विरोध केला होता.

स्वयंपाकघराच्या एका भिंतीला ती प्रसिद्ध मांडणी होती. यान, म्हणजे कोरांतिनबाईंचे यजमान, हयात असताना आधी तिच्यावर ताटं-वाट्या असत. मग ताटं खालच्या कप्प्यात गेली, मग पलंगाखाली, आणि शेवटी यानने एका नाताळला उकडलेले बटाटे वर्तमानपत्रावर घेऊन खाल्ले, तेव्हा एक कप्पा त्यांना परत मिळाला. बाकी सगळीकडे मातीच्या बाहुल्या होत्या. पाणी भरणाऱ्या बायका, सार्डिनच्या टोपल्या घेतलेल्या पोरी, डुकराशी वाद घालणारा शेतकरी, संत, खलाशी, आणि एक संत की खलाशी ते न कळणारा. सगळ्या यानच्या बहिणीच्या, लग्नानंतर केमेनेर झालेल्या अझेनोर आत्याच्या हातच्या. आत्याने ओदे नदीकाठच्या देबोर्द कारखान्यात आयुष्य काढलं, आणि तिथे जे जे बनवलं त्याच्या तळाशी देबोर्दांचा शिक्का बसला.

कोरांतिनबाई गेली पस्तीस वर्षं या नणंदेशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि या नणंदेने केलेली एकही वस्तू त्यांनी बाजारात राहू दिली नव्हती. घरात कुणाला यात विसंगती दिसत नसे.

मधल्या कप्प्यावर वरात होती. कोस्केरांचीच वरात. यान आणि कोरांतिन यांच्या लग्नाची, निदान आत्याने कारखान्यात तसं सांगितलं होतं. पुढे काखेत पिशवी दाबून बिनिऊचा बाजा वाजवणारा ढेरपोट्या. त्याच्यामागे लग्न जुळवणारा शिंपी, एक मोजा लाल, एक जांभळा. मग धर्मगुरू, पोरंटोरं, आणि मधोमध नवरा. नवऱ्याचा उजवा हात कोपरात वाकलेला, कुणाला तरी धरायला. त्या कोपरात कुणी नव्हतं.

"नवरी कुठे आहे?" सोलेनने विचारलं.

जोबकाका खुर्ची ओढण्यात गुंतले.

"नवरी नाही," कोरांतिनबाई म्हणाल्या. "धर्मगुरू केला, शिंपी केला, शिंप्याचे मोजेसुद्धा केले. माझी दोन पोरं, जी लग्नात जन्मलेलीही नव्हती, ती केली. नवरी केली नाही. मी कारखान्याच्या फाटकावर जाऊन विचारलं, चार लोकांत. सगळे आहेत, मी कुठे? तर उत्तर काय मिळालं? 'डोळे आहेत ना?' बस्स. त्या दिवसापासून मी शोधतेय. कँपेरचा जुना बाजार, पाँ-लाबेचा, ब्रेस्टचासुद्धा. फुटलेली असेल, लपवलेली असेल, कुणाच्या माळ्यावर असेल. नवरी मिळाली नाही. बाकी हे सगळं मिळालं."

सोलेनने त्या 'बाकी हे सगळं'कडे पाहिलं. तिच्या म्युझियममध्ये याच्या निम्मंही नव्हतं.

"आणि ही वरातीच्या शेपटाला, छत्री घेऊन, कोण?"

"ही? ही सासू." कोरांतिनबाई खुलल्या. "हिच्यावरूनच तर सुरुवात झाली. नवरा आणि ही, दोन्ही मी कारखान्याच्या फाटकावरच्या खोटीच्या, म्हणजे डागी मालातून उचलली. त्याच्या कोपरात झिलई सुटलेली, हिच्या हाताखाली सुटलेली. बघा, नुसती माती दिसते. पण तोंड बघा तिचं. असं तोंड घेऊन ही बाई गोठ्यात गेली तर गाई दूध परत आत ओढून घेतील."

सोलेनने बाहुलीकडे पाहिलं. उंच टोपी, पुढे काढलेली हनुवटी, रोखलेली छत्री. मग तिने कोरांतिनबाईंकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. मोनाने तिच्या पायावर हलकेच पाय ठेवला. एर्वे खिडकीबाहेर बघत होता. जोबकाका ताटातल्या नक्षीचा अभ्यास करत होते.

फाटकाशी गाडी थांबली. वृद्धाश्रमाच्या सिस्टरने अझेनोर आत्याला हात देऊन उतरवलं आणि 'पाचला येते' म्हणून ती निघून गेली, बॉम्ब ठेवून गेल्यासारखी.

आत्या या घरात यानच्या अंत्यविधीलाही आली नव्हती. देवळात मागच्या बाकावर बसून परत गेली होती. आज ती का आली हे जोबकाकांनाच ठाऊक होतं, कारण निरोप त्यांनीच नेला होता. वहिनींनी सांगितलं होतं, 'तुझ्या बहिणीला म्हणावं, तिच्या नावासाठी तिला यावं लागेल. माझ्यासाठी नाही.' आणि अक्काने सांगितलं होतं, 'तिला म्हणावं, जेवायला काय आहे?'

तर मंडळी बसली. मोठ्या पातेल्यात डुकराचं मांस, गाजरं, कोबी, आणि कापडी पिशवीत उकडलेला कुट्टूच्या पिठाचा गोळा, चुरून लोण्यात घातलेला. पिंपातलं सफरचंदाचं सायडर. मांडणीच्या बाजूला झाकून ठेवलेला लोण्याचा केक, ज्याच्याकडे एर्वे अधूनमधून पदसिद्ध नजरेने पाहत होता.

"जोब," कोरांतिनबाई म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला विचार, मोहरी हवी का."

बहीण समोरच बसली होती. हात लांबवला असता तर मोहरीची बरणी तिला लागली असती.

"अक्का, मोहरी?"

"तिला सांग, मोहरी लागते ती मांस बिघडलं तर. मांस बरं आहे."

"वहिनी, मांस बरं आहे म्हणते."

"ऐकलं मी. अर्धंच सांगतोस तू नेहमी."

"पूर्ण सांगत आलो असतो तर तुम्ही दोघी आज जिवंत नसता," जोबकाका म्हणाले आणि त्यांनी मोहरी स्वतःच्या ताटात घेतली.

सोलेनने विषय काढला तो सायडरच्या दुसऱ्या पेल्यानंतर. प्रदर्शन नक्की झालं होतं, दालनही ठरलं होतं. प्रश्न एकच होता, पाटीवर काय लिहायचं.

"समितीने पाटी तयार केली आहे," ती म्हणाली. "रचना, अर्मां देबोर्द. रंगकाम, कारखान्यातील स्त्रिया."

"देबोर्दला," आत्या ताटातून मान वर न करता म्हणाली, "पुडिंगसुद्धा साच्यातून नीट काढता यायचं नाही."

"मला मान्य आहे, बाई. पण तळाला शिक्का त्यांचा आहे. कॅटलॉग त्यांचं आहे. समिती म्हणते, अझेनोर केमेनेर रंगवत असतील. घडवणारा मालक."

"नाव बदला, नाहीतर एक बाहुली इथून हलणार नाही," कोरांतिनबाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं मी चिखलातून बाजार फिरले ते काय कुणा देबोर्दसाठी? मी ज्या बाईशी भांडलेय तिला नाव आहे. उद्या लोक म्हणतील, कोरांतिन कोस्केर आयुष्यभर 'कारखान्यातील स्त्रियां'शी अबोला धरून होती. मला ते चालणार नाही."

आत्याने एक क्षण खाणं थांबवलं. मग पुन्हा सुरू केलं, पण जरा हळू.

"मला वाटलं होतं," सोलेन म्हणाली, "या वरातीत घरची माणसं आहेत. देबोर्द तर यांपैकी कुणालाच ओळखत नव्हते. तुमच्यापैकी कुणी ओळखता येत असेल, तर तो काहीतरी पुरावा होईल." आणि तिने तिघांकडे पाहिलं.

आता एर्वेची वेळ होती. त्याने तोंड पुसलं आणि नगरपालिकेत वापरतो तो आवाज काढला.

"बाई, आम्हाला आत्याचा अभिमान आहेच. पण सत्याला धरून बोलायचं तर, साम्य दिसत नाही."

"साम्य नाही," जोबकाका म्हणाले.

सगळ्यांनी मोनाकडे पाहिलं. मोना आत्याकडे पाहत होती. आत्याचे हात टेबलावर होते. बोटं वाकडी झालेली, नखांच्या कडेला अजून एक फिकट पांढरी रेघ, जी वृद्धाश्रमाच्या साबणाने गेली नव्हती.

"खरं म्हणजे आत्याला आता काय फरक पडतो," एर्वे पुढे म्हणाला. "तिला ऐकूसुद्धा येत नाही."

"मोना," आत्या म्हणाली, "तुझ्या भावाची चड्डी बघ गं, घसरली असेल."

मोनाला हसू आलं, आणि हसता हसता तिच्या मनात दुसरंच काही सरकलं. ती वीस वर्षं मुलींना एकच गोष्ट शिकवत आली होती. कागदावर आधी नाव. निबंध कितीही सुंदर असो, वर नाव नसेल तर ती तो वाचत नसे. किती मुलींना तिने यासाठी रडवलं होतं.

"ती जीभ माझी आहे," मोना म्हणाली.

"मोना," एर्वे म्हणाला.

"धर्मगुरूंच्या मागची. डाव्या बाजूला वळवलेली. माझी अजूनही सरळ निघत नाही." आणि सिस्टरांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने रविवारच्या जेवणात, पाहुण्यांसमोर, जीभ बाहेर काढली. ती डावीकडेच वळली.

सोलेन उठून मांडणीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. "तीच आहे," ती म्हणाली.

"फितूर," एर्वे पुटपुटला.

"हो. आता काका."

"माझा काय संबंध? मी त्या काळी..." जोबकाकांनी पोट आत ओढलं. ते दोन-तीन वाक्यं पुरतं.

"जोब," आत्या म्हणाली, "पट्टा सोड. गुदमरशील."

"नको."

"वरचं बटण सोड मग."

जोबकाकांनी जेवणाच्या नादात ते बटण कधीच सोडलं होतं. दुसरंही. त्यांनी खाली पाहिलं, सोलेनने मांडणीवर पाहिलं. तिथे बिनिऊवाल्याच्या जाकिटाचीही वरची दोन बटणं उघडी होती आणि तिसरं धाग्यावर होतं. काकांचं तिसरं त्याच सुमारास धाग्यावर आलं होतं.

"पण तेव्हा मी काडी होतो," काका कळवळून म्हणाले. "अक्का, देवाची शप्पथ घेऊन सांग, होतो की नाही?"

"होतास."

"मग?"

"तू सुरुवात केली होतीस. मी शेवट केला."

काकांनी बराच वेळ त्या बाहुलीकडे पाहिलं. आयुष्यभर तिच्याशी त्यांची शर्यत लागली होती आणि ती केव्हाच शेवटच्या रेषेवर थांबून त्यांची वाट पाहत बसली होती. त्यांनी सुस्कारा टाकला आणि तिसरं बटण सोडलं. "लिहा," ते म्हणाले. "बिनिऊवाला, जोब कोस्केर. देखणा म्हणून लिहिलंत तर बरं."

आता फक्त एर्वे उरला. तो एकटा पडल्यावर नेहमी जे करतो तेच त्याने केलं, म्हणजे उभा राहिला.

"मी एक सार्वजनिक व्यक्ती आहे," त्याने सुरुवात केली. "त्या मुलाशी माझं नाव जोडलं गेलं, तर विरोधी पक्ष मला काय म्हणेल?"

"दोन-केक," जोबकाका म्हणाले.

"काय?"

"दोन-केकच म्हणतात तुला. सगळे. तुझा पक्षसुद्धा. तुला माहीत नव्हतं?"

एर्वेने बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने आईकडे पाहिलं. आईने केकवरचं झाकण नीट केलं.

"कधीपासून?"

"तू शाळेत होतास तेव्हापासून," मोना म्हणाली. "अरे, लोक प्रेमाने म्हणतात. मासेबाजारात तर म्हणतात, एर्वे कोस्केर कोण ते ठाऊक नाही, पण दोन-केकला मत देऊ."

एर्वे उभाच होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी दुःख आलं, मग संशय, मग बेरीज. बेरीज बरीच मोठी असावी, कारण तो हळूहळू ताठ झाला.

"मासेबाजार पूर्ण?"

"पूर्ण."

"आजच्या या प्रसंगी," एर्वे म्हणाला, आणि जोबकाकांनी डोळे मिटले, कारण ही सुरुवात त्यांना पाठ होती, "मला सांगायला अभिमान वाटतो की, वरातीतला तो बालक मीच आहे. त्याच्या दोन्ही हातांत केक आहेत, कारण त्याला एक बहिणीला द्यायचा होता."

"खोटं," मोना आणि आत्या एकदम म्हणाल्या.

सोलेन हसत होती, पण हसणं ओसरल्यावर तिचा चेहरा पडला. ती प्रामाणिक मुलगी होती आणि त्याचा तिला नेहमीप्रमाणे त्रास होत होता.

"मला पटलं," ती म्हणाली. "शंभर टक्के. पण समिती म्हणेल, घरची माणसं घरच्या बाईसाठी बोलतील, त्यात काय. आणि जीभ काय, पोट काय, कुणाचंही असू शकतं. मला असं काहीतरी हवं की, जे बनवणाऱ्यालाच ठाऊक असेल आणि देबोर्दांना नसेल. वस्तूतच दिसेल असं."

तीन माणसांनी आपली अब्रू पातेल्याशेजारी मांडली होती आणि ती पुरत नव्हती. कोरांतिनबाईंनी काटा खाली ठेवला. त्यांच्या गालांवर लाल ठिपके आले होते. एवढं करून पाटीवर देबोर्द येणार असेल, तर आपण पस्तीस वर्षं नेमकं काय गोळा केलं?

"जोब, तुझ्या बहिणीला विचार," त्या म्हणाल्या, "तळाशी एक साधी रेघ मारायला काय झालं होतं? चोरून? कुणी बघितलं असतं?"

"तिला सांग, तळाशी कशाला. वर दिसतंय."

"काय दिसतंय?"

"तिला सांग, मी कधी झिलई सोडत नाही. चुकून तर नाहीच."

"मग खोटीच्या मालात कशी आली ती दोन?"

"देबोर्दला ती खोट वाटली."

"आणि मला काय वाटायला हवं होतं?"

"तिला सांग," आत्या म्हणाली, "डोळे आहेत ना."

पस्तीस वर्षांनी तेच तीन शब्द. कोरांतिनबाई उठल्याच असत्या, पण मोना मध्ये पडली. वर्गात दोन मुली एकमेकींच्या वेण्या धरतात तेव्हा ती जो आवाज काढते त्या आवाजात तिने विचारलं, "आत्या, मला सांग. नवरी का केली नाहीस?"

"कोण म्हणतं नाही केली?"

"मग कुठे आहे?"

आत्याने पावाच्या तुकड्याने ताट पुसलं, तो तुकडा खाल्ला, आणि मग मांडणीकडे हनुवटीने दाखवलं.

"शेपटाला उभी केलीय हिने. सासू म्हणून."

"ती सासू आहे," कोरांतिनबाई सावकाश म्हणाल्या.

"वहिनी," जोबकाका म्हणाले, "तुम्ही कधी पाहिली नाहीत, पण आमची आई बुटकी होती. गोल. चीजच्या गोळ्यासारखी. आणि छत्री तिने कधी धरली नाही, वाऱ्याने उचलेल म्हणून."

"हे तू मला आज सांगतोस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"पस्तीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवतोयस तू."

"म्हणूनच," काका म्हणाले.

कोरांतिनबाईंनी एर्वेकडे पाहिलं. मोनाकडे पाहिलं. सगळे कुठेतरी दुसरीकडे बघत होते, आणि आजच नव्हे, आयुष्यभर तिकडेच बघत आले होते, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. त्या उठल्या. मिरवणुकीतली उंच टोपी अजून डोक्यावरच होती. त्या मांडणीपाशी गेल्या, शेपटाची बाहुली हातात घेतली, आणि हनुवटी पुढे काढून तिच्याकडे रोखून पाहू लागल्या. बाहुलीही त्यांच्याकडे तशीच पाहत होती. दोघींपैकी कुणीही नजर खाली करण्याची शक्यता नव्हती.

"तेव्हा मी पस्तीसचीही नव्हते," कोरांतिनबाई बाहुलीशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "ही म्हातारी आहे."

"नवऱ्या कारखान्यात डझनाने व्हायच्या," आत्या म्हणाली, आणि या वेळी तिने 'तिला सांग' म्हटलं नाही. "एक साचा, गुलाबी गाल, मान खाली. त्यातली एक उचलून दिली असती तर तू खूश झाली असतीस. पण तू मान खाली घातलीस कधी, कोरांतिन? लग्नाच्या दिवशी सगळे देवळाच्या दारात हार-फुलं करत होते आणि तू छत्री रोखून यानला ओढत निघालीस, पाऊस येणार म्हणून. पाऊस आला नाही. मला ती बाई करायची होती. चेहरा मात्र पुढच्या वयातला घेतला. टिकणारा."

"आणि हा हात असा वाकडा का, मोडल्यासारखा? देबोर्दने पुढे याच्यात टोपली अडकवून विकली."

"कॅटलॉगमध्ये आहे ती," सोलेन हळूच म्हणाली. "'टोपलीवाली सासू.' झिलईसुद्धा दुरुस्त केलेली."

"टोपली," आत्या म्हणाली आणि तिने तो शब्द देबोर्दच्या थडग्यावर ठेवल्यासारखा ठेवला. "दोन वस्तू एकमेकींना टेकवून भाजायच्या, तर टेकतात तिथली झिलई पुसून घ्यावी लागते. नाहीतर भट्टीत चिकटून एक होतात. मी त्या दोघांना सोबत भाजलं होतं. आता मी उठत नाही, माझे गुडघे दुखतात. तुझं तू बघ."

कोरांतिनबाईंनी नवऱ्याला उचललं. उजव्या कोपराच्या आत, नखाएवढ्या जागी, कोरी माती. बाहुलीच्या हाताखाली तेवढीच. त्या सगळ्यांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मग आवाज आला. अगदी बारीक, दाराची कडी जागेवर बसावी तसा.

त्या बाजूला झाल्या तेव्हा सगळ्यांना दिसलं. हात कोपरात सरकला होता, माती मातीला टेकली होती, मध्ये केसाचीही फट नव्हती. ती पुढे निघाली होती, छत्री रोखून, आणि तो तिच्यामागे अर्धं पाऊल ओढला जात होता. आणि त्याची मान. त्या मानेवरून घरात किती वाद झाले होते. यानने लग्नातसुद्धा बायकोकडे पाहिलं नाही, हा बघा, ताटांच्या कप्प्यातल्या सूपच्या भांड्याकडे बघतोय, असं कोरांतिनबाई प्रत्येक पाहुण्याला सांगत आल्या होत्या. आणि यान दर वेळी काहीतरी बोलायला जाऊन गप्प बसत असे. ती उजवीकडे वळलेली, किंचित वर केलेली नजर आता सरळ त्या टोपीखालच्या करड्या चेहऱ्यावर लागली होती. आणि तो हसत होता. इतकी वर्षं ते हसू सूपच्या भांड्यासाठी फारच जास्त वाटायचं.

"हे देबोर्दांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं," सोलेन म्हणाली. तिचा आवाज जरा वर गेला होता. "त्यांनी तर फट बुजवून टोपली लावली. हे मी समितीसमोर असंच जुळवून दाखवणार आहे. मला एक शब्द बोलावा लागणार नाही. पाटी बदलली, बाई. रचना, अझेनोर केमेनेर. मोठ्या अक्षरांत."

जोबकाकांनी सायडरचा पेला टेबलावर आपटला. एर्वेने टाळ्या वाजवल्या, आणि सवयीने इतर सामील होईपर्यंत थांबला नाही. मोना डोळे पुसत होती आणि म्हणत होती की कांदा होता. पातेल्यात कांदा नव्हता.

कोरांतिनबाई मात्र मांडणीशीच होत्या. त्यांनी ढेरपोट्याला बाजूला सारलं, शिंप्याला मागे घेतलं, धर्मगुरूंना एक बोट लावून पंक्तीतून हलवलं, आणि ती जोडी वरातीच्या अगदी पुढे, सर्वांच्या आधी उभी केली. मग त्या सोलेनकडे वळल्या.

"लिहून घ्या. छत्रीवाली, कोरांतिन कोस्केर. नवरी. सासू असं कुठे दिसलं तर मी स्वतः येईन."

"छत्री घेऊन," जोबकाका म्हणाले.

"घेऊन." त्या टेबलाशी आल्या, बसल्या, आणि टोपी सरळ केली. समोर नणंद बसली होती. तिच्या ताटात मांसाचा दुसरा तुकडा होता. जोबकाका निरोप न्यायला सवयीने पुढे झुकले.

"तू खा," कोरांतिनबाई त्यांना म्हणाल्या. मग त्यांनी मोहरीची बरणी उचलली आणि टेबलापलीकडे धरली. "वन्सं, मोहरी हवी का?"

आत्याने बरणीकडे पाहिलं, मग भावजयीकडे.

"आण," ती म्हणाली. "मांस जरा बिघडलंच होतं."